तो तीनचा आकडा

लेस्टर, 9 नोव्हेंबर

चि. चिमूस,
आत्याचा सप्रेम सलाम.

रविवारी फोनवर तू रडायला लागलीस, तिकडून आजीने 'काय झालं गं' म्हणून हाक मारली आणि आपलं बोलणं अर्धवट राहिलं. आज मला सुटी आहे. इथे इंग्लंडात आता साडेचारलाच दिवे लावावे लागतात. स्वयंपाक उरकून लिहायला बसले, कारण हे फोनवर नीट सांगता आलं नसतं.

तुमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, तरुण संघाच्या सभेत चिठ्ठ्या वाटल्या. या महिन्यात किती जणांना प्रभूविषयी सांगितलं, तो आकडा लिहायचा होता. तू एकालाही सांगितलं नव्हतंस आणि लाजेखातर तीन लिहून दिलंस. चिठ्ठ्या वाटणाऱ्यांच्या मनात काही वाईट नसेल. पण सुवार्तेची अशी मोजदाद मला पटत नाही आणि तुझ्या आजोबांना तर मुळीच पटली नसती. तू जन्मलीस तोवर आपलं इंदूरचं बिऱ्हाड मोडून सगळे नगरला आले होते. तुला आठवतात ते खुर्चीतले, कमी ऐकू येणारे आजोबा. मी तुला त्याआधीच्या आजोबांविषयी सांगते.

रामबागेतल्या एका जुन्या वाड्यात आपल्या दोन खोल्या होत्या. खालीवर सगळी मराठी बिऱ्हाडं, ख्रिस्ती आपण एकटेच. आजोबा जेल रोडवरच्या एका दवाखान्यात कंपाउंडर होते. तेव्हा मिक्स्चर बाटलीत भरून द्यायचे. बाटलीला कागदाची एक लांब पट्टी डकवायची आणि त्या पट्टीला दोन्ही कडांनी कातरून खाचा पाडायच्या. एक खाच म्हणजे एक डोस. रात्री जेवण झालं की आजोबा कंदिलाएवढ्या पिवळ्या बल्बखाली बसून दुसऱ्या दिवसाच्या पट्ट्या कातरायचे. मी खळ लावून द्यायचे. मग आठ वाजता प्रार्थना. एक वचन, एक भजन, बाजाची पेटी आजीच्या पुढ्यात.

शेजारच्या काकू आपल्याकडचं पाणी घेत नसत. भांडण कधीच नव्हतं. सणाला त्यांच्याकडून पुरणपोळी यायची, आपल्याकडून मात्र काही जायचं नाही. आजीने त्यावर एक रीत काढली होती. नाताळात करंज्या न पाठवता ती रवा, साखर, खोबरं असा कोरडा शिधा सुपात घालून पाठवायची. काकूंना नको म्हणायचा प्रसंगच येऊ द्यायचा नाही. एका पावसाळ्यात काका एम.वाय. हॉस्पिटलात पडले, तेव्हा बारा रात्री आजोबा त्यांच्या खाटेखाली सतरंजी टाकून झोपले. सकाळी तिथूनच परस्पर दवाखान्यात जायचे. त्या बारा रात्रींत त्यांनी काकांपाशी प्रभूचं नाव काढलं नाही. मी विचारलं तर म्हणाले, "आजारी माणूस उठून जाऊ शकत नाही. त्याला ऐकायला लावणं बरं नव्हे."

काका घरी आल्यावर काकूंनीच एका संध्याकाळी विचारलं. आजी तांदूळ निवडत होती. काकू उंबऱ्याबाहेर टेकल्या होत्या. "तुम्ही रोज रात्री काय वाचून राहिले हो? आणि आम्ही तुमच्याकडे पाणी पीत नाही, त्याचा तुमच्या देवाला राग नाही येत?" आजोबांनी हातातली कात्री खाली ठेवली आणि बायबलातल्या योहानाच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायातली विहिरीची गोष्ट सांगितली. भर दुपार, येशू चालून दमलेला, विहिरीवर एक शोमरोनी बाई पाणी भरायला आलेली. यहूद्यांचा आणि शोमरोन्यांचा व्यवहार नव्हता, भांड्याला भांडं लागायचं नाही. आणि हाच तिला म्हणतो, मला प्यायला दे. आजोबा एवढंच म्हणाले, "आधी मागितलं ते त्याने, वहिनी. पाणी मागून बोलायला सुरुवात केली." काकू बराच वेळ गप्प होत्या. मग "कुकर लावायचाय" म्हणून उठून गेल्या.

त्यापुढे काय झालं, ते तू विचारशीलच. काकू ख्रिस्ती झाल्या नाहीत. त्यांचा गणपती दर वर्षी बसायचा आणि आरतीला आजोबा दारात उभे राहून हात जोडून नमस्कार करून परत यायचे. पण विहिरीची गोष्ट काकूंनी आणखी दोनदा सांगायला लावली. बदल्यात त्यांनी आजोबांना हरिपाठाचे अभंग म्हणून दाखवले आणि ते आजोबांनी मनापासून ऐकले. तुमच्या नगरशी ज्यांचं नाव जोडलेलं आहे ते ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळक म्हणत की तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो. आजोबांना हे फार प्रिय होतं. पुढे कितीतरी वर्षांनी, मी नर्सिंगला होते तेव्हा, काकू एकदा बाजारातून थकून आल्या, आपल्याच ओट्यावर बसल्या आणि आजीला म्हणाल्या, "चहा टाक गं, साखर थोडी जास्त." आजीने टाकला. कोणी काही बोललं नाही.

आता माझं सांगते. हे तुझ्या बाबालाही पुरतं ठाऊक नाही.

दहावीच्या सुटीत मी एका शिबिराला गेले आणि पेटून परत आले. माझ्या वर्गातल्या एका मैत्रिणीची आई तेव्हा फार आजारी होती. मी तिला छातीठोक सांगितलं, "तू येशूवर विश्वास ठेव, आई नक्की बरी होईल." तिने ठेवला. माझ्यासोबत गुडघे टेकले, रोज रात्री उशीखाली मी दिलेलं शुभवर्तमान घेऊन झोपायची. पावणेदोन महिन्यांनी आई गेली. मी भेटायला गेले तर तिने ते पुस्तक माझ्या हातात परत दिलं आणि दार लावून घेतलं.

आजोबांना सांगितलं तेव्हा ते पट्ट्याच कातरत होते. त्यांनी मला रागावायला हवं होतं असं मला अजून वाटतं. ते म्हणाले, "बाटलीवर मी डॉक्टरांनी सांगितलं त्याहून एक खाच जास्त पाडली तर?" दुसऱ्या दिवशी ते मला घेऊन तिच्या घरी गेले. दारातच तिच्या वडिलांना म्हणाले, "माझ्या मुलीने तुमच्या मुलीला देवाच्या नावाने खोटं वचन दिलं. आम्ही क्षमा मागायला आलो." त्यांनी आत बोलावलं. मैत्रीण बाहेर आली नाही. तिची माझी बोलणी पुन्हा सुरू झालीच नाहीत. मी आजही तिच्यासाठी प्रार्थना करते आणि ते तिला कळण्याचं काही कारण नाही.

मध्य प्रदेशात जबरदस्तीने, आमिषाने, फसवून धर्म बदलायला लावण्याविरुद्ध 1968 पासून कायदा आहे. 2021 मध्ये त्या जागी नवा, अधिक कडक कायदा आला. घटनेच्या 25व्या कलमात आपला धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क आहे. पण प्रसार म्हणजे दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क नव्हे, असं सुप्रीम कोर्टाने 1977 मध्ये मध्य प्रदेशातल्याच खटल्यात सांगितलं. या कायद्याने मंडळीतले लोक घाबरायचे आणि पुष्कळांना भीती वाटावी असे प्रसंगही येतात, हे मी नाकारत नाही. आजोबा म्हणायचे, "माणसाचं मन फिरवणं माझ्या हातात कधी नव्हतंच. ते पवित्र आत्म्याचं काम. माझं काम खरं बोलण्याचं." मैत्रिणीला आईच्या प्राणाचं आमिष दाखवणारी मी, मला हे फार उशिरा समजलं. घाई करून कोणी येत नाही गं. टिळकांचा बाप्तिस्मा 1895 चा, लक्ष्मीबाईंचा 1900 चा. एका घरातली नवराबायको, तरी मध्ये पाच वर्षं गेली.

आणखी एक आठवण. 25 फेब्रुवारी 1995. उदयनगरहून इंदूरकडे येणाऱ्या बसमध्ये सिस्टर राणी मारिया यांना भोसकून मारलं. केरळच्या होत्या, कॅथलिक. तिकडच्या आदिवासींना सावकारांच्या कर्जातून सोडवायला धडपडायच्या, ते काहींच्या डोळ्यांवर आलं होतं. आपली मंडळी वेगळी, तरी त्या रात्री आजीला भजन म्हणवेना. पुढे त्यांच्या सख्ख्या बहिणीने, त्याही सिस्टर, तुरुंगात जाऊन त्या मारेकऱ्याच्या हातावर राखी बांधली. 4 नोव्हेंबर 2017 ला इंदुरात राणी मारियांना धन्य (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं, त्या सोहळ्याला तो माणूसही आला होता. कोणती चिठ्ठी पुरेल गं याला?

पेत्राच्या पहिल्या पत्राचा तिसरा अध्याय काढ, पंधरावी ओवी. तुमच्या आशेविषयी जो विचारपूस करतो त्याला उत्तर द्यायला तयार राहा, असं तिथे आहे. म्हणजे आधी कोणीतरी विचारायला हवं. आणि उत्तर कसं द्यायचं? सौम्यतेने आणि भीडस्तपणाने. हा 'भीडस्तपणा' आपल्या मराठी शास्त्रात, म्हणजे बायबलात, आहे, याचं मला फार अप्रूप वाटतं. तुझ्या अंगात ती भीड आहे आणि तू तिलाच दोष समजून रडलीस.

इथे वॉर्डात मला नियमच आहे, आपल्या श्रद्धेविषयी रोग्यापाशी गैर रीतीने बोलायचं नाही. मला त्याचा जाच होत नाही. मागच्या महिन्यात एक गुजराती बा शेवटच्या घटका मोजत होत्या. मुलगा लांबून निघालेला. मी हॉस्पिटलच्या हिंदू पुरोहितांना फोन लावला, बांच्या नातीने फोनवर लावून दिलेलं भजन उशीजवळ ठेवलं आणि हात धरून बसले. मनात माझी माझ्या प्रभूशी प्रार्थना चालू होती. मुलगा आल्यावर त्याने विचारलं, "तुम्ही हिंदू?" मी म्हटलं, "नाही, मी येशूची." त्याने मान हलवली. आमचं एवढंच बोलणं झालं.

तर पुढच्या सभेत त्या दादांना भेट आणि सांग, तीन खोटं होतं, शून्य लिहा. चारचौघांत सांगायची गरज नाही. ते रागावले तर माझा नंबर दे.

आणि तुझ्या बाकावरची ती मुलगी, वडिलांची नोकरी गेल्यापासून डबा आणत नाही म्हणालीस, ती. आजीला दोन पोळ्या जास्त लाटायला सांग. पण डबा तिच्यासमोर सरकवू नकोस. "मला एवढं संपत नाही, थोडं घे ना" असं तूच तिला विनव.

माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत आजोबांची कात्री आहे, काळ्या मुठीची. बाबाला काढून द्यायला सांग आणि तुझ्याजवळ ठेव. गुरुवारी माझी नाइट संपली की फोन करते, तुमच्याकडे दुपार असेल. आजीच्या गुडघ्याला तेल लावतेस ना?

तुझी,
आत्या