केळ्याचा वास, केळ्याविना

केळ्याच्या गोळ्या-आइस्क्रीमना येणारा तो नाकात चढणारा गोड वास बहुधा आयसोअमाइल अ‍ॅसिटेट या रसायनाचा असतो. पिकल्या केळ्यात ते असतेच. कारखान्यात आयसोअमाइल अल्कोहोल आणि अ‍ॅसेटिक आम्लापासूनही बनते. लॅकरमध्ये (लाकडा-धातूवरच्या चकचकीत लेपात) द्रावक म्हणून चालते. कामगाराचा मास्क चेहऱ्यावर घट्ट बसला का, हेही त्यावरून तपासतात: वास आला, की फट आहे. मधमाशी डंख मारताना धोक्याचा इशारा म्हणून हेच सोडते (पोळ्याजवळ केळे न खाल्लेले बरे!). वासाबद्दल तक्रार नाही. पण वेष्टनावर सोललेल्या केळ्याचे भलेमोठे चित्र आणि ‘कृत्रिम स्वाद’ मात्र मुंगीएवढ्या अक्षरांत, हे रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात राहणाऱ्याला खटकते. ती अक्षरे चित्राशेजारीच ठळक छापण्याची सक्ती अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने करावी.

– एक वाचक, यावल (जि. जळगाव)