फेरीबोटीतली बाटली

चोडण, तिसवाडी
रविवार, दुपार

प्रिय दामू,

काल फोनवर मूल होत नाही हा विषय निघताच तू हसून तो बदललास, म्हणून लिहितोय. पत्र मध्येच तोडता येत नाही.

वहिनींच्या तपासण्यांना दोन वर्षं झाली. सोनोग्राफी झाली, नळ्या मोकळ्या आहेत का ते बघून झालं, देवाकडे कौल लावून झाला. तुझं काय तपासलं? रागावू नकोस, आमच्याकडेही हेच झालं. हिने तीन वर्षं गोळ्या खाल्ल्या, सुया टोचून घेतल्या. पहिल्या डॉक्टरने मला कधी आत बोलावलं नाही, आणि मीही बाहेर बाकावर पेपर वाचत आरामात बसलो. खरं तर मूल न होणाऱ्या जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडेही काही ना काही कारण सापडतं, आणि त्याची पहिली तपासणी, वीर्याची, सगळ्यांत स्वस्त, सगळ्यांत सोपी.

सोपी म्हणजे, माझी फजिती ऐक. पणजीतल्या लॅबच्या संडासात, बाहेरून कुणीतरी दार वाजवत असताना, माझ्याच्याने काही जमेना. मग नमुना घरून आणायची परवानगी मिळाली. तासाभरात पोचवायचा आणि गार होऊ द्यायचा नाही, एवढंच. बाटली शर्टाच्या आत काखेत धरून धक्क्यावर आलो, तर फेरीबोट पलीकडे रायबंदरला. ती येईपर्यंत मी घामाघूम. फेरीत वाड्यावरचे काका भेटले. "हात धरून का ठेवलायस?" म्हटलं, लचकलाय. पलीकडे पोचेपर्यंत ते मला कुठलं तेल कसं चोळायचं ते समजावत होते! लॅबमध्ये पोचलो तेव्हा 48 मिनिटं झाली होती.

रिपोर्ट आला: एका मिलिलिटरमध्ये 40 लाख शुक्राणू. ऐकायला केवढे वाटतात ना? जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या पुस्तिकेत खालची मर्यादा 1 कोटी 60 लाख आहे. ती काही पास-नापासाची रेघ नव्हे, त्याखाली असूनही बाप झालेले आहेत. आणि एका रिपोर्टवर निकाल लावत नाहीत. ताप येऊन गेला तरी आकडा पडतो. काही आठवड्यांनी परत दिला, 45 लाख.

मग युरॉलॉजिस्टने उभं करून खोकायला लावलं आणि डाव्या बाजूला हात लावताच म्हणाला, व्हेरिकोसील. वृषणावरच्या शिरा फुगून शेवयांसारखा गुंता झालेला. डावीकडची शीर मूत्रपिंडाच्या शिरेला काटकोनात मिळते, रक्त वर चढायला जड जातं आणि साचतं. वृषणांना शरीरापेक्षा दोन-चार अंश गारवा लागतो, म्हणून तर देवाने ती बाहेर टांगली! साचलेल्या रक्ताने तीच तापतात. शंभरातल्या पंधराएक पुरुषांना हे असतं आणि पुष्कळांना मुलंही होतात, पण मूल होत नाही म्हणून येणाऱ्यांत ते दुपटीहून जास्त सापडतं. मला कधी दुखलं नव्हतं. बाकी 'त्या' बाबतीत सगळं ठीक होतं, तुझंही असेल. पण त्यावरून शुक्राणूंचा आकडा, म्हणजे काऊंट, कळत नाही, दामू.

आता तुझ्या जिमच्या इंजेक्शनाबद्दल. बाहेरून टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हार्मोन, गेलं की मेंदूला वाटतं माल भरपूर आहे, आणि तो वृषणांना ऑर्डर पाठवणं बंद करतो. दंड फुगतात आणि काऊंट कधी कधी थेट शून्यावर येतो. थांबवल्यावर बहुतेकांचा परत येतो, पण त्यात महिने जातात, काहींची वर्षं. डॉक्टरपासून हे लपवू नकोस. दहावीत तुला गालगुंड झाले होते तेही सांग. वयात आल्यावर झाले तर कधी कधी वृषणालाही सूज येते. तंबाखूबद्दल मी काय सांगायचं, तुझ्या खिशात पुडी असतेच.

शून्य आला तरी दोन प्रकार असतात. वाट तुंबलेली असेल तर मोकळी करता येते किंवा सुईने आतून शुक्राणू काढतात. कारखानाच मंद असेल तर रक्तातले हार्मोन आणि कधी गुणसूत्रं तपासतात. मेंदूकडूनच हुकूम कमी येत असेल तर इंजेक्शनांनी बरंच सुधारतं.

माझं ऑपरेशन झालं. आईला अजून वाटतं, हर्निया होता. शुक्राणू तयार व्हायला सत्तर-पंचाहत्तर दिवस लागतात, म्हणून तीन महिन्यांनी परत तपासलं: 1 कोटी 20 लाख. मूल अजून नाही. दोनदा आययूआय केलं, शुक्राणू थेट गर्भाशयात सोडतात ते, दोन्ही वेळा फुकट गेलं. आता इक्सीचं बोलणं चाललंय, एका बीजात एकच शुक्राणू सोडतात ते. 1992 पासून होतंय. खर्चाचा आकडा ऐकून मी दोन दिवस गप्प होतो. पण हल्ली डॉक्टरकडे आम्ही दोघं आत जातो.

पुढच्या रविवारी वहिनींना घेऊन ये, इथेच राहा, सोमवारी सकाळी लॅबला जाऊ. आधीचे दोन ते सात दिवस उपास लागतो, जेवणाचा नव्हे, वीर्य बाहेर जाऊ न देण्याचा, तेव्हा गुरुवारपासून धर. फेरीत बाटली तू सांभाळ, काकांना मी बोलण्यात गुंतवतो.

तुझा,
गुरू