पहिल्या लॉटची गाडी

चि. मुक्ता हिस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर नव्या इलेक्ट्रिक पिकअपच्या बुकिंगबद्दल सांगताना तू इतकी खुशीत होतीस की मी नुसती ‘बरं, बरं’ करत राहिले. फोन ठेवल्यावर मात्र झोप लागली नाही. म्हणून लिहायला बसले.

इलेक्ट्रिक पिकअपला माझा विरोध नाही. तुझ्या बाबांना बॅटरीची धास्ती वाटते, मला तेवढी वाटत नाही. मला काळजी आहे ती, तुझी गाडी अगदी नव्या मॉडेलच्या पहिल्या काही महिन्यांतली असणार याची.

भोसरीच्या कारखान्यात मी २६ वर्षं इन्स्पेक्शनला होते. माझ्या नखांत कायम पिवळा रंग अडकलेला असायचा, तुला आठवत असेल. नट टॉर्कला, म्हणजे ठरलेल्या जोराने, आवळला की त्याच्यावरून बोल्टवर मार्करने एक रेघ ओढायची. पुढे कधी ती रेघ तुटलेली दिसली तर समजायचं, नट फिरलाय. एका नव्या गाडीसाठी आम्ही ब्रॅकेट पुरवत होतो. पहिल्या लॉटची भोकं जराशी सरकली होती. मी लॉट अडवला. पण गाडी बाजारात आणायची तारीख ठरलेली, म्हणून वरून डेव्हिएशनवर, म्हणजे दोष असूनही माल सोडायच्या परवानगीवर, सही झाली आणि माल गेला. दोन महिन्यांत गाड्या परत यायला लागल्या. आठ दिवस मी यार्डात टॉर्च घेऊन एकेका गाडीखाली वाकून रेघा बघत होते. एका गाडीत पूजेच्या दिवशीचा हार सुकून तसाच लटकत होता. त्या माणसाने विश्वासाने पैसे मोजले होते आणि गाडीची खरी चाचणी त्याच्या घरच्यांना बसवून झाली होती. ते मला अजून लागतं.

गेला आठवडाभर मी तुमच्याकडच्या अमेरिकेतल्या रिकॉलच्या, म्हणजे दोष निघाला म्हणून परत बोलावलेल्या गाड्यांच्या, नोंदी वाचतेय. रिव्हियन कंपनीची इलेक्ट्रिक पिकअप लोकांना सप्टेंबर २०२१ पासून मिळू लागली. ऑक्टोबर २०२२ मध्ये कंपनीला सुमारे १२ हजार गाड्या परत बोलवाव्या लागल्या, म्हणजे तोवर दिलेल्या जवळजवळ सगळ्याच. पुढच्या चाकाजवळचे दोन भाग, स्टीअरिंग नकल आणि वरचा कंट्रोल आर्म, जोडणारा बोल्ट पुरेसा आवळलेला नसण्याची शक्यता होती. यात बॅटरीचा काय संबंध? हे माझ्या पिवळ्या रेघेचं काम.

टेस्लाच्या सायबरट्रक या इलेक्ट्रिक पिकअपचं तर वाचून हातपाय गार पडले. नोव्हेंबर २०२३ च्या शेवटी गाड्या द्यायला सुरुवात झाली आणि एप्रिल २०२४ मध्ये ३,८७८ गाड्यांचा रिकॉल निघाला. ॲक्सिलरेटरच्या पेडलवरचं कव्हर सरकून वर अडकायचं आणि पेडल दाबलेलंच राहायचं. कारण काय, तर साबण! कव्हर पटकन बसावं म्हणून लाइनवर साबण वापरला गेला, आणि त्या बदलाला मंजुरी नव्हती. रबर बसत नसलं की आमच्याकडची पोरंही साबणाचं पाणी लावायची. त्यावरून मी किती भांडलेय! पुढे नोव्हेंबर २०२४ मध्ये २,४३१ गाड्यांचे इन्व्हर्टर (बॅटरीची वीज मोटरला पुरवणारा भाग) बदलायची वेळ आली, कारण चालत्या गाडीच्या चाकांची ताकद अचानक जाऊ शकत होती. मार्च २०२५ मध्ये ४६,०९६ गाड्या. बाहेरची पट्टी ज्या गोंदाने चिकटवली होती, तो ठिसूळ होऊन पट्टी सुटून पडू शकत होती.

फोर्डच्या लाइटनिंग या इलेक्ट्रिक पिकअपला फेब्रुवारी २०२३ मध्ये डिअरबॉर्नच्या कारखान्याच्या आवारातच आग लागली, तो दोष मात्र बॅटरीचाच. काही आठवडे उत्पादन थांबलं. रिकॉल किती गाड्यांचा, तर फक्त १८. दोष असा लॉटमध्ये येतो गं. कारखाना जुना असो की नवा, नवीन लाइनवर हात बसायला वेळ लागतोच. आणि इलेक्ट्रिक पिकअप बनवणारी लॉर्ड्सटाउनसारखी कंपनीच जून २०२३ मध्ये दिवाळखोरीत गेली, तर सुटे भाग मागायचे कुणाकडे?

रिकॉलचं काम फुकट होतं, मान्य. पण त्यासाठी गाडी ड्युलुथहून मिनिआपोलिसला न्यायची म्हणजे अडीच तास, त्यात तुझी रात्रपाळी, आणि जानेवारीतली ती थंडी. रात्री दोन वाजता हॉस्पिटलच्या रस्त्यावर गाडी बंद पडली तर तू काय करशील, हेच डोक्यात फिरतं.

माझं ऐकशील तर बुकिंग राहू दे, गाडी वर्षभराने घे. तोवर या लाइनची पोरं शिकलेली असतील. थांबायचंच नसेल, तर निदान जुनी सुबारू पहिला हिवाळा विकू नकोस. आणि गाडी ताब्यात घेण्याआधी तिचा व्हिन नंबर (गाडीचा ओळख क्रमांक) सरकारी रिकॉलच्या साइटवर टाकून बघ.

ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर एक लेबल असतं, त्यावर गाडी कोणत्या महिन्यात बनली ते छापलेलं असतं. त्याचा फोटो मला तिथूनच पाठव, सही करायच्या आधी. इथे मध्यरात्र असली तरी चालेल.

तुझी,
आई