सेलेटारहून आई-बाबांना

तीर्थरूप आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

परवा बाबांनी फोनवर विचारलं, "तुले तिथं करमते का?" मी घाईत "हो" म्हटलं आणि फोन ठेवला. रात्री झोप लागेना. एवढ्या मोठ्या प्रश्नाला एका शब्दाचं उत्तर देऊन मोकळी झाले, म्हणून आज सुट्टीच्या दिवशी बसून लिहिते आहे.

आई, तुला सिंगापूर म्हणजे नुसत्या काचेच्या उंच इमारती वाटतात. मी जिथल्या विमानतळावर कामाला जाते ते सेलेटार तसं नाही. बेटाच्या ईशान्येला आहे, शांत. मोठी विमानं चांगीच्या मोठ्या विमानतळावर उतरतात. इथं लहान विमानं येतात, शिकाऊ वैमानिक घिरट्या घेतात, आणि आमच्यासारखे लोक हँगरमध्ये दुरुस्ती करतात. बाहेर रस्त्यावर मोठमोठे पर्जन्यवृक्ष आहेत. त्यांच्याखाली उभं राहिलं की आपल्या स्टेशनाजवळच्या चिंचेची आठवण येते.

त्या झाडांत इंग्रजांनी बांधलेले जुने बंगले आहेत. भिंती पांढऱ्या, लाकूडकाम काळं, छप्पर भिंतीबाहेर खूप पुढं आलेलं, चारी बाजूंनी वारा खेळेल अशा खिडक्या. अमरावतीच्या कॅम्पातले बंगले आठव, त्याच जातीचे. रस्त्यांना नावं लंडनची: पिकॅडिली, बेकर स्ट्रीट, पार्क लेन. घरापासून इतक्या लांब आलेल्या माणसांनी आपल्या गावाची नावं रस्त्यांना दिली, हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मला भरून आलं होतं. तेव्हा मलाही मुळीच करमत नव्हतं. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही.

बाबा, आता तुमच्यासाठी. इथली पहिली विमानं पाण्यावर उतरणारी होती. १९२७ साली इंग्लंडहून निघालेली चार सुपरमरीन साउथँप्टन विमानं फेब्रुवारी १९२८ मध्ये इथं पोचली. त्याच वर्षी हवाई दलाचा तळ सुरू झाला. १९३० पासून प्रवासी विमानंही इथंच उतरू लागली. १९३७ साली कलांगचा विमानतळ उघडला तोवर सिंगापूरचा विमानतळ हाच. ॲमी जॉन्सन नावाची तरुण बाई १९३० मध्ये एकटी विमान चालवत इंग्लंडहून ऑस्ट्रेलियाला निघाली होती, तीही वाटेत इथं थांबली. १९४२ मध्ये जपान्यांनी तळ घेतला, १९४५ ला इंग्रज परत आले. आणि १ एप्रिल १९५४ ला ब्रिटिश हवाई दलाच्या स्पिटफायर या लढाऊ विमानानं कामगिरीवरचं शेवटचं उड्डाण इथूनच केलं. तेही सुपरमरीनचंच! पाण्यावरच्या त्या चार विमानांच्या कारखान्याचं. १९७१ मध्ये इंग्रज कायमचे गेले.

ती स्पिटफायरची गोष्ट हँगरमधल्या एका म्हाताऱ्या मेकॅनिकनं मला सांगितली, आणि मला एकदम १९९४ सालची तुमची रात्र आठवली. आपल्या शकुंतला रेल्वेगाडीचं वाफेचं इंजिन काढून डिझेलचं लावलं त्या दिवशी तुम्ही जेवला नव्हता. मी सात वर्षांची होते. आई ताट झाकून बसली होती आणि तुम्ही ओट्यावर हात धूत होता, कितीतरी वेळ, कोळशाची काळी रेघ काही निघत नव्हती. ते इंजिन १९२१ साली मँचेस्टरला घडलेलं. आपला कापूस नेण्यासाठी गोऱ्यांनी रूळ टाकले हे खरं, पण सत्तर वर्षं ते इंजिन जागवलं तुमच्यासारख्यांनी.

इथंही तसंच. बंगल्यांबद्दल सगळे बोलतात. पण तळाबाहेर जालान कायू नावाचा रस्ता आहे. मलय भाषेत त्याचा अर्थ लाकडाचा रस्ता. तळावर राबायला आलेल्या मल्याळी माणसांची वस्ती त्याच्या आसपास होती. आता तिथं रोटी प्राता मिळते, आपल्या परोठ्यासारखी, पदर सुटलेली, सोबत रस्सा. आई, तिखट तुझ्या हातचं नाही, पण रविवारी मी तेच खाते. खाताना वाटतं, आपल्याकडून कुणी इथं आलं असतं तर याच बाकावर बसलं असतं.

२००७ नंतर विमान उद्योगाची वसाहत उभी करताना बरेच बंगले पाडले. काही राखले. मला राखलेल्यांचा आनंद होतो आणि शकुंतलेचे गवतात गेलेले रूळ आठवून वाईटही वाटतं.

तर करमतं का? बाबा, आता करमतं. मशीनपाशी उभी असते तेव्हा करमतं, कारण ते काम तुमच्या घरात शिकलेलं आहे. संध्याकाळी नाही करमत.

म्हणून यंदा कापसाची वेचणी झाली की दोघं या. विमानाची भीती वाटली तर खिडकी आईला द्या. पासपोर्टसाठी बाबांचा शाळा सोडल्याचा दाखला लागेल. तो लोखंडी पेटीत तळाला, रेल्वेच्या जुन्या पासांच्या खाली आहे. आईचं आधार कार्ड देवघराच्या फळीवर. तूर सोंगायला माणूस मिळेल, मी काकाशी बोलले आहे.

तुमची,
लेक