मांजरीचे बाळंतपण आणि घरातले घड्याळ

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

पाळीव प्राण्यांविषयी वर्तमानपत्रांतून हल्ली पुष्कळ छापून येते, पण त्यातले बरेचसे कोणत्या जातीचे मांजर केवढ्याला मिळते आणि त्याच्या केसांची निगा कशी राखावी याभोवतीच फिरते. घरातली साधी भाटी व्यायला आली म्हणजे घरच्यांनी काय करावे, काय करू नये आणि मुख्य म्हणजे किती वेळ थांबावे, हे फारसे कोणी लिहीत नाही. गेल्या माघात आमच्या घरी हा प्रसंग आला आणि माझ्या अज्ञानामुळे त्यात एका पिल्लाचा जीव गेला, म्हणून हे पत्र लिहीत आहे. पत्र लांबले आहे, पण ते छापावे अशी विनंती आहे.

मांजर एकांतात व्यते, स्वतःची वार स्वतः खाते, नाळ दाताने तोडते आणि माणसाने मध्ये पडू नये, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. बहुतेक वेळा ते अगदी खरे असते. आमच्या आजोळी वाड्यातल्या मांजरी माळ्यावर नाहीतर लाकडांच्या खोपीत व्यायच्या आणि पिल्ले डोळे उघडून बाहेर आल्यावरच ती किती आहेत हे घरच्यांना कळायचे. किती जन्मली होती हे मात्र कोणालाच माहीत नसायचे, आणि ‘मांजरीला कोणाची गरज लागत नाही’ हा आपला विश्वास अशा न मोजलेल्या पिल्लांवर उभा आहे, हे मला आता कळते.

मांजर साधारण ६३ ते ६५ दिवस गाभण असते. शेवटच्या आठवड्यात ती कपाटे, पलंगाखालची जागा, धुण्याची टोपली असे काहीबाही हुंगत फिरू लागते. तिला मोठे खोके द्यावे, त्यात जुनी सुती लुगडी किंवा गोधडी घालावी आणि ते अंधाऱ्या, वर्दळ नसलेल्या कोपऱ्यात ठेवावे. तिला ते पसंत पडले नाही, तर तिने निवडलेल्या जागी आपण ते न्यावे. एवढे आम्ही केले होते. एक चूक मात्र केली. बाळंतिणीची खोली म्हणून ती फिनाईलने स्वच्छ पुसून घेतली. फिनाईलसारख्या जंतुनाशकांतली फिनॉल वर्गातली द्रव्ये आणि आपण तापावर घेतो ती पॅरासिटामॉलची गोळी यांचा निचरा करण्याची शक्ती मांजराच्या यकृतात फार तोकडी असते. मांजर पाय चाटते आणि जमिनीवरचे सारे तिच्या पोटात जाते. साबणाचे पाणी आणि मग साधे पाणी पुरे होते. हे मला डॉक्टरांनी नंतर सांगितले, आणि आमच्या भाटीला काही झाले नाही हे केवळ तिचे नशीब.

रात्री अकराच्या सुमारास तिला जोराच्या कळा सुरू झाल्या. त्याआधीचा सबंध दिवस ती अस्वस्थ होती, खात नव्हती, मध्येच धापा टाकत होती आणि मध्येच घुरघुरत होती. हा पहिला टप्पा बारा तास किंवा त्याहूनही जास्त चालू शकतो आणि त्यात काळजीचे काही नसते. अकरा चाळीसला पहिले पिल्लू आले. तिने पिशवी फाडली, तोंड चाटले, पिल्लू ओरडले. बारा वाजून दहा मिनिटांनी दुसरे आले ते पायांकडून, तेव्हा माझ्या जावेने कपाळाला हात लावला. आपल्याकडे पायाळू माणसाच्या नशिबी गुप्तधन आणि वीज या दोन्ही गोष्टी लिहिलेल्या असतात असे म्हणतात. मांजरात मात्र पुष्कळ पिल्ले पायाळूच जन्मतात आणि त्यात वावगे काही नाही, हे तेव्हा आम्हा दोघींनाही ठाऊक नव्हते.

त्यानंतर कळा जोरात चालू राहिल्या, पण पिल्लू येईना. साडेबारा झाले, एक वाजला. आमच्या ओळखीच्या एका दवाखान्यात फोन केला, तेव्हा ‘मांजर आहे ना, ती तिचे ती बघते, सकाळी आणा’ असे उत्तर मिळाले. शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, पण वाईहून अपरात्री खंबाटकी घाट ओलांडून कळा देणारे मांजर न्यावे, हे आमच्या मनातही आले नाही. आम्ही बसून राहिलो. दोन वाजता तिसरे पिल्लू आले ते मेलेलेच.

येथे मला जे सांगायचे आहे ते घड्याळाविषयी आहे. दोन पिल्लांच्या मध्ये साधारण दहा मिनिटांपासून तासाभरापर्यंत वेळ जातो. कधी मांजर मध्येच थांबते, झोपते, जन्मलेल्या पिल्लांना पाजते आणि कित्येक तासांनी, क्वचित दुसऱ्या दिवशी, उरलेली पिल्ले देते. ती शांत असेल, खातपीत असेल, कळा नसतील, तर हे थांबणे नैसर्गिक आहे आणि त्या वेळी तिला हात लावणे हाच उपद्रव. याउलट, ती सतत जोर करते आहे आणि वीस ते तीस मिनिटांत काहीच बाहेर आले नाही, किंवा पिल्लाचा काही भाग दिसतो आहे आणि दहा मिनिटांत ते सुटत नाही, तर ते पिल्लू अडले आहे असे समजून त्याच क्षणी डॉक्टरांना गाठावे लागते. ताजे लाल रक्त वाहत राहिले, स्रावाला दुर्गंधी आली किंवा मांजर गळून पडली, तर अर्धा तासही वाट पाहायची नसते. म्हणजे ‘थांबा’ आणि ‘धावा’ या दोन्ही सल्ल्यांत तथ्य आहे, फक्त कोणता केव्हा पाळायचा हे मांजरीला कळा आहेत की नाहीत यावर ठरते. आम्ही पावणेदोन तास कळा पाहत थांबलो आणि थांबणे म्हणजेच शहाणपण असे समजत राहिलो.

अडीच वाजता चौथे पिल्लू आले. भाटी इतकी थकली होती की तिने पिशवी फाडली नाही. असे झाले तर मिनिटभरात आपण ती पिल्लाच्या तोंडावरून फाडावी, नाकतोंड स्वच्छ फडक्याने टिपावे, डोके किंचित खाली ठेवून कोरड्या टॉवेलने पाठ आणि छाती चांगली चोळावी. आईच्या चाटण्याचे काम ते चोळणे करते. पूर्वी पिल्लाला दोन्ही हातांत धरून झटकायला सांगत, ते आता डॉक्टर करू देत नाहीत, कारण त्याने मेंदूला इजा होऊ शकते. नाळ आईने तोडली नाही, तर पोटापासून सुमारे एक इंचावर उकळलेल्या दोऱ्याची गाठ मारून गाठीच्या पलीकडे कापावी. ओढून तोडू नये. चोळल्यावर आमचे चौथे पिल्लू बारीकसे ओरडले आणि आम्हाला वाटले की संपले एकदाचे.

मग मी त्याला खोक्यात ठेवले आणि भाटीकडे वळले. ते पिल्लू आईपासून आणि भावंडांपासून वीतभर दूर पडले होते, माघातली थंडी होती, आणि अर्ध्या तासाने हात लावला तेव्हा ते गार लागले. शेजारच्या काकू म्हणाल्या, ‘अगं, अंगात ताकद नाही त्याच्या, थोडे दूध घाल पोटात.’ मी गायीचे दूध कोमट केले, पिल्लाला तान्ह्या बाळासारखे हातावर उताणे धरले आणि औषधाच्या ड्रॉपरने त्याच्या तोंडात थेंब थेंब सोडले. पहाटे त्याच्या नाकातून दुधाचे बुडबुडे आले आणि ते गेले.

त्या एका कृतीत माझ्या तीन चुका झाल्या होत्या, आणि सकाळी डॉक्टरांनी त्या मला काहीही दोष न देता समजावून सांगितल्या. मांजराच्या नवजात पिल्लाला स्वतःच्या अंगाची ऊब राखता येत नाही. पहिल्या आठवड्यात त्याच्या भोवतीची जागा तीस अंशांच्या आसपास उबदार लागते. पिल्लू गार पडले की त्याची आतडी चालत नाहीत आणि गिळण्याची शक्तीही जाते, म्हणून आधी ऊब आणि मगच दूध, हा क्रम कधीही उलटा करायचा नाही. ऊब देतानाही घाई नको: गरम पाण्याची रबरी पिशवी टॉवेलात गुंडाळून खोक्याच्या एका बाजूला ठेवावी, म्हणजे जास्त गरम वाटले तर पिल्लाला सरकायला जागा राहते. किंवा सरळ आपल्या अंगाशी, पदरात धरावे. दुसरी चूक उताणे धरण्याची. पिल्लू आईला पिताना पालथे असते, तसेच ते पालथे, मान किंचित वर अशा स्थितीत पाजावे, नाहीतर दूध फुप्फुसात जाते. तिसरी चूक दुधाची. मांजरीच्या दुधात गायीच्या दुधाच्या जवळजवळ दुप्पट प्रथिने असतात, आणि गायीच्या दुधाने पिल्लांना हगवण लागते. मांजरीच्या पिल्लांसाठी तयार दुधाची भुकटी मिळते. भाटी व्यायच्या आधीच ती आणून ठेवावी, कारण रात्री तीन वाजता ती कोठेच मिळत नाही.

मात्र आई जिवंत आहे आणि तिला पान्हा आहे, तोवर तिच्या दुधासारखे दुसरे काही नाही, आणि पहिल्या दिवसाचे दूध, म्हणजे चीक, पिल्लाच्या पोटात गेलाच पाहिजे. गायीच्या वासराला चीक पाजण्याची घाई करणारी आपली माणसे मांजरीच्या बाबतीत ते विसरतात. चिकातून पिल्लाला रोगांशी लढण्याची जी शक्ती मिळते, ती त्याच्या आतड्यांतून शोषली जाण्याची वाट जन्मानंतर साधारण सोळा ते चोवीस तासांत बंद होते. म्हणून अशक्त पिल्लाला उचलून आईच्या भरलेल्या आचळाशी लावणे आणि धष्टपुष्ट भावंडाला घटकाभर बाजूला ठेवणे, एवढी ढवळाढवळ माणसाने जरूर करावी.

उरलेली दोन पिल्ले जगली ती स्वयंपाकघरातल्या काट्यामुळे, असे मी म्हणेन. जन्मतः पिल्लू साधारण ९० ते ११० ग्रॅम भरते आणि रोज दहा ते पंधरा ग्रॅम वाढते. दोन आठवड्यांत वजन दुप्पट व्हायला हवे. आमच्याकडचे दुसरे, पायाळू पिल्लू, तिसऱ्या दिवशी ९४ ग्रॅमवर अडकले होते. पाहायला ते ठणठणीत दिसे, आचळाशी चिकटलेले असे, पण काटा हलत नव्हता. ते नुसतेच चोखत होते, त्याला दूध मिळत नव्हते. चार दिवस दर तीन तासांनी भुकटीचे दूध वर पाजल्यावर ते मार्गी लागले. साखर मोजायच्या काट्यावर मांजराचे पिल्लू ठेवले म्हणून सासूबाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. नवा काटा आणला तेव्हा बोलल्या. ज्यांना आई नाही अशी पिल्ले सांभाळणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावे: पहिले तीन आठवडे पिल्लाला आपणहून लघवी किंवा शी करता येत नाही. आई चाटून ती करवते, आई नसेल तर प्रत्येक पाजण्यानंतर कोमट पाण्यात भिजवलेला कापूस हलक्या हाताने फिरवून आपण ती करवायची.

बाळंतिणीचेही पाहावे लागते. पाजणाऱ्या मांजरीला नेहमीच्या दुप्पट-तिप्पट खाणे लागते. ती थरथरू लागली, पाय ताठ झाले, धापा टाकू लागली, तर तिच्या रक्तातले कॅल्शियम घसरले आहे असे समजून तत्काळ दवाखाना गाठावा, त्यात काही तासांत जीव जातो. आणि म्हणून गाभणपणीच कॅल्शियमच्या गोळ्या घालाव्यात असे वाटेल, पण ते उलटे पडते: बाहेरून आयते मिळू लागले की हाडांतून कॅल्शियम काढण्याची शरीराची सवय सुस्तावते आणि ऐन पाजण्याच्या काळात दगा देते.

मांजर पिल्लांना सात घरे फिरवते म्हणतात. आमच्या भाटीने दोनच फिरवली, आणि त्याचे कारण आमच्या गल्लीतली मुले होती, जी शाळेतून आल्यावर रांग लावून पिल्ले बघायला येत. जागा उघडी पडली, गोंगाट झाला, परका बोका फिरकू लागला की ती जागा बदलते. माणसाचा हात लागला म्हणून ती पिल्लाला टाकते, हा मात्र समज आहे. आपल्या माणसाचा हात तिला चालतो, गर्दी चालत नाही.

पिल्ले आता नऊ आठवड्यांची झाली आहेत, एक आमच्याकडे राहील आणि एक पुण्याला भाचीकडे जाईल. भाटी पिल्ले पीत असतानाच पुन्हा माजावर आली होती, मांजरीचे हे फार लवकर होते हेही आम्हाला नवीन होते. तिला महिनाभर घरात कोंडून ठेवावे लागले आणि पुढच्या आठवड्यात तिची शस्त्रक्रिया ठरली आहे.

आपल्याला एकच विनंती आहे. वर्तमानपत्रांत रात्री उघड्या राहणाऱ्या औषधांच्या दुकानांची यादी छापून येत असे, ती अनेकांच्या उपयोगी पडे. त्याच धर्तीवर आपल्या जिल्हा आवृत्तीत, कोणत्या तालुक्यात रात्री कोणता पशुवैद्य फोन उचलतो आणि त्यांच्यापैकी कोण मांजर तपासतो, एवढी माहिती महिन्यातून एकदा छापता येईल का? १९६२ या क्रमांकावरून फिरते पशुवैद्यकीय पथक मिळते, पण त्याची आखणी मुख्यतः गायीम्हशींसाठी, पशुपालकांच्या दारी जाण्यासाठी झाली आहे. यादी लहान होईल, काही तालुक्यांपुढची जागा कोरीही राहील. ती कोरी जागाही छापावी.

आपली,
एक वाचक, वाई