वहिनी, शेड चालू राहिली ती तुमच्यामुळे

प्रिय वहिनी,
सप्रेम नमस्कार.

समोर बसून हे बोलायला गेलो की तुम्ही "राहू द्या हो भावजी" म्हणता आणि विषय बदलता. म्हणून सगळ्यांदेखत लिहितोय.

तो गेला तेव्हा माझा मित्र गेलाच, शिवाय आमची सोलापूरची टॉवेल विणायची फर्मही कागदावर संपली. १९३२ च्या भागीदारी कायद्याप्रमाणे दोघांच्याच भागीदारीत एक जण वारला की फर्म उरत नाही. दिवसकार्य आटोपल्यावर नातेवाइकांनी तुम्हाला हिस्सा मोकळा करून घ्यायला सांगितलं. त्यांचंही चूक नव्हतं. मुलींची शिक्षणं व्हायची होती. पण तुम्ही हिस्सा मागितला असता तर माग विकावे लागले असते. तुम्ही नव्या भागीदारीपत्रावर सही केलीत आणि जेवणाचा डबा घेऊन अक्कलकोट रोडच्या शेडवर यायला लागलात.

मला माग कळतात. टॉवेलच्या मागावर दोन बीम असतात, म्हणजे उभं सूत गुंडाळलेले रूळ: एक घट्ट ताण्याचा आणि एक टॉवेलवरच्या फुगीर लूपचा, सैल सोडलेला. दोन्हींचा ताण जमला नाही की लूप वेडेवाकडे पडतात. तेवढं मी सांभाळतो. बाजार मात्र पूर्ण त्याचा. सुताचे पैसे लगेच द्यायचे आणि मालाचे दोन-तीन महिन्यांनी यायचे, मधला सगळा काळ तो नुसत्या बोलण्यावर काढायचा. घरात तेलुगू, आमच्याशी मराठी, विजापूर-कलबुर्गीच्या गिऱ्हाइकाशी कन्नड. चादरीचा उठाव कमी होत चालला तेव्हा टॉवेलकडे वळायचं त्यानेच ठरवलं. हॉटेल-हॉस्पिटलला टॉवेल पुन्हापुन्हा लागतात, हे त्याचं गणित बरोबर निघालं.

नवा माल आला की तो टेबलावर टॉवेल पसरायचा, बोटांनी पाण्याचा एक थेंब टाकायचा आणि खाली वाकून बघत राहायचा. थेंब वर तरंगला की गठ्ठा परत धुलाईला. गिऱ्हाईक ताटकळलं तरी चालेल म्हणायचा. सोलापुरी टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे, त्याचा त्याला फार अभिमान. एवढा निगुतीने माल बघणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

तो गेल्यावर काही व्यापाऱ्यांनी "हिशेब त्यांच्याशीच होता" म्हणून हात वर केले. मी हवालदिल झालो होतो. तुम्ही त्याची वही उघडलीत आणि स्वतः फोन लावलेत. रात्री जेवताना तो घरी काय काय बोलायचा, ते सगळं तुमच्या ध्यानात होतं: कोण सणानंतर पैसे सोडतो, कोणाला चढ्या आवाजात बोललेलं चालत नाही, कोणाचा मुलगा आता गादीवर बसतो. वसुली आली. त्यातून आधी कामगारांचा दिवाळी बोनस द्यायचा आणि मग सूत घ्यायचं, हेही तुम्हीच ठरवलंत. शिलाईच्या बायका आजही ते बोलून दाखवतात.

वहिनी, मित्राच्या माघारी त्याचं घर मी सांभाळायचं, अशी आपल्याकडची रीत. इथे तुम्हीच मला सांभाळलंत. हे उपकार फिटणारे नाहीत आणि मला ते फेडायचेही नाहीत.

धाकटीला सुट्टीत शेडवर शिकायला पाठवू का, असं तुम्ही परवा विचारलंत. जरूर पाठवा. बीम कसा चढवायचा ते मी दाखवीन, थेंब टाकून माल कसा पारखायचा ते तुम्ही शिकवा.

तुमचा,
भावजी