'मणक्यात गॅप' सांगण्याआधी थोडे थांबा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मिरजेत मी फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते. आसपासच्या गावांतून, सीमेपलीकडच्या कागवाड-अथणीतूनही पेशंट इथे येतात. कंबरदुखीचा माणूस खुर्चीत नीट टेकायच्या आधीच सांगतो, "मॅडम, मणक्यात गॅप हाय." कुठे दुखते, कधीपासून, काय केल्यावर वाढते, हे सगळे त्यानंतर. एमआरआयचा रिपोर्ट ज्या पद्धतीने लोकांच्या हातात पडतो, त्याविषयी हे पत्र आहे.

शिरोळ तालुक्यातल्या एक ताई आल्या होत्या. चाळिशीला आलेल्या, रोज भांगलणीला जाणाऱ्या. कंबर धरली म्हणून एमआरआय झाला आणि कुणीतरी सांगून टाकले, "गादी सरकलीय. वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, नाहीतर पाय जातील." तेव्हापासून शेत बंद, घागर बंद, मांडी घालून जेवणे बंद. धाकटा मुलगा कडेवर घे म्हणून हात वर करायचा, त्याला सासूबाईंकडे पाठवायच्या. माझ्यासमोर खाली पडलेला रुमाल उचलताना त्यांनी आधी श्वास कोंडला, टेबलाची कड धरली आणि पाठ जराही न वाकवता गुडघ्यांवर खाली गेल्या. तेवढ्यात कपाळावर घाम. तपासले तर पायांतली ताकद पूर्ण, बधिरपणा कुठेच नाही. पाठीचे स्नायू मात्र दगड झाले होते. जपायचे म्हणून दिवसरात्र आवळून धरलेले स्नायू दुखणारच. ते दुखले की गादी आणखी सरकली असे वाटते, मग माणूस पाठ अजून आवळतो.

त्यांच्या रिपोर्टमध्ये दोन मणक्यांमधल्या गादीची झीज आणि फुगवटा असे दोन्ही लिहिले होते. वाचून कुणीही घाबरेल. पण ज्यांची पाठ दुखतच नाही अशांच्या स्कॅनमध्ये काय दिसते? अशा 3,110 लोकांचे स्कॅन ज्या अभ्यासांत होते, ते सगळे 2015 मध्ये एकत्र करून तपासले गेले. वयाच्या विशीतच 37 टक्के लोकांत गादी झिजल्याच्या खुणा होत्या. चाळिशीत 68 टक्के, ऐंशीत 96 टक्के. चाळिशीतल्या निम्म्या लोकांत गादी फुगलेलीही होती. आणि यांतल्या कुणालाच पाठीचा त्रास नव्हता! ही माहिती रिपोर्टसोबत कुणी देत नाही.

कोइंबतूरच्या गंगा हॉस्पिटलमधील डॉ. एस. राजसेकरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2021 मध्ये दाखवून दिले की, रिपोर्ट कसा सांगितला जातो यानेही फरक पडतो. कंबरदुखीच्या काही पेशंटना रिपोर्टमधला एकेक दोष समजावून सांगितला. बाकीच्यांना सांगितले की, स्कॅनमध्ये काळजीचे काही नाही, वयाप्रमाणे दिसतात तेवढेच बदल आहेत. सहा आठवड्यांनी पाहिले तर पहिल्या गटाची पाठीविषयीची धास्ती जास्त होती आणि हालचाल, कामधाम यांत तो गट मागे होता. आपल्याच देशातला, आपल्यासारख्याच पेशंटवरचा हा अभ्यास आहे. आपल्याकडच्या डॉक्टरांनी तो मनावर घ्यावा, एवढी माझी कळकळ आहे.

यावरून कुणी 'म्हणजे सगळे मनाचे खेळ' असे म्हणू नये. घराघरांत सुनांना हे ऐकवले जाते आणि ते ऐकून माझा जीव तुटतो. ताईंचे दुखणे खरेच होते. अपेक्षेचा परिणाम शरीरात घडतो, तो मोजताही येतो. सॅन फ्रान्सिस्कोत 1978 मध्ये अक्कलदाढ काढलेल्या लोकांवर प्रयोग झाला. औषध म्हणून नुसते निरुपद्रवी इंजेक्शन दिले तरी काहींचे दुखणे कमी झाले. नंतर त्यांना अफूवर्गीय औषधांचा परिणाम रोखणारे नॅलोक्सोन दिले, तेव्हा ते दुखणे पुन्हा वाढले. म्हणजे आराम पडेल या भरवशावर मेंदूने स्वतःचेच वेदनाशामक सोडले होते. भीतीचेही तसेच. 2011 मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी निरोगी माणसांच्या पायाला चटका देत शिरेतून रेमिफेंटानिल हे जबर वेदनाशामक चालू ठेवले. 'औषध सुरू केले' असे सांगितल्यावर आराम दुप्पट झाला. 'आता थांबवले, दुखेल' असे सांगितले, तर औषध तेवढेच चालू असूनही त्याचा गुण जवळजवळ नाहीसा झाला. इतके जोरदार औषध एका वाक्याने निकामी होत असेल, तर 'पाय जातील' या वाक्याने काय होत असेल?

ताईंना मी आधी आडवे झोपवून गुडघे पोटाशी घ्यायला लावले. तेव्हा पाठ वाकतेच, आणि ती वाकलेली त्यांना माझ्याकडून कळली. मग बसून, मग उभ्याने. कंबरेला बांधलेला पट्टा सुटायला वेळ लागला. भांगलणीला त्या पुन्हा जातात, संध्याकाळी कंबर भरून येते, पण आता त्या भरून येण्याची त्यांना धडकी भरत नाही.

धीर देऊन सगळेच बरे होते असेही नाही. लघवी-शौचावरचा ताबा सुटणे, जांघेत बधिरपणा येणे, पायातली ताकद कमी होत जाणे, पाठदुखीसोबत ताप किंवा विनाकारण वजन घटणे, पूर्वी कॅन्सर झालेला असणे, यांत तातडीने डॉक्टरांना गाठावे. ताबा सुटला किंवा पाय लुळा पडू लागला तर त्याच दिवशी.

स्कॅन सेंटरचालकांना माझी विनंती आहे की, पेशंटच्या वयाच्या, न दुखणाऱ्या लोकांतही असे बदल किती जणांत दिसतात, हे रिपोर्टखाली मराठीत एका ओळीत छापावे. डॉक्टरांनी पेशंटला हात लावून तपासल्याशिवाय रिपोर्ट वाचून दाखवू नये. आणि संपादक महोदय, 'मणक्यातील गॅप ऑपरेशनशिवाय भरून काढा' अशा जाहिराती वृत्तपत्रांतून सर्रास येतात. त्या वाचूनच कित्येक जण धास्तावून माझ्याकडे येतात. आपल्या वृत्तपत्रापुरत्या तरी त्या घेणे बंद करावे.

कळावे,
आपली वाचक,
एक फिजिओथेरपिस्ट, मिरज